देव पोचवायचे राहिले

पौष सरला की आमच्या बिल्डिंगमागच्या मैदानात मांडव पडायला लागतात. आता त्याला मांडव म्हणायचं म्हणून म्हणायचं. लोखंडी कांबी, निळं-गुलाबी कापड आणि दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीचे स्पीकर. हळदीच्या संध्याकाळी ते सुरू झाले की माझ्या टेबलावरची औषधाची बाटली जागची हलते. सूनबाई येऊन विचारते, "आई, खिडकी लावून घेऊ का?" मी म्हणते, "असू दे गं, लग्न आहे त्यांचं." तिला वाटतं म्हातारीला नाचगाणं आवडतं. आवडतं कसलं डोंबल! मी बसलेली असते ती स्पीकर बंद व्हायची वाट बघत. दोन गाण्यांच्या मधे स्पीकरवाला पोरगा काहीतरी बदलतो, तेवढ्या वेळात मांडवातल्या एखाद्या बाईचा नुसता गळा ऐकू येतो. ती धवला म्हणत असते.

धवला म्हणजे आमच्या आगरी लोकांतलं लग्नाचं गाणं, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. आमच्यात पूर्वी लग्न लावायला भटजी नसायचा. धवलारीणच लग्न लावायची. मांडवात बसून एकेका देवाला नाव घेऊन बोलवायची, त्यांच्यासमोर नवरा-नवरीचे हात एकमेकांच्या हातात द्यायची, आणि सगळं आटोपलं की पुन्हा एकेकाला नाव घेऊन घरी पोचवायची. बोलवलेला देव पोचवायचा राहिला तर तो मांडवातच बसून राहतो, आणि ज्याला जायला सांगितलं नाही असा पाहुणा किती दिवस आनंदात राहणार? हे आम्हाला लहानपणी कोणी शिकवलं नव्हतं. सांडलेलं मीठ पायाखाली घेऊ नये हे जसं ठाऊक होतं, तसंच हेही.

ही गोष्ट माझ्या तरुणपणच्या एका माघातली; तेव्हा मी ठाण्याला ट्रेनिंग कॉलेजात होते. गावातली पहिली मास्तरीण होणार म्हणून बाबांची मान वर आणि आईच्या जिवाला घोर. मानपाड्याच्या अलीकडे आमचं गाव. भातं झोडून झालेली, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, आणि कापलेल्या खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल टरारून आलेला. सुट्टीला गेले की सकाळी त्या वालाच्या शेंगांवर दव असायचं, लांब मलंगगडाचं टोक धुक्यातून वर आलेलं असायचं आणि प्रत्येक ओटीवर बायका सूप घेऊन लग्नाचे तांदूळ निवडत बसलेल्या. तांदळाची भुकटी उडून सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. आणि बडबड! आमच्या घरात एका वेळी चार माणसं बोलायची आणि पाचवं तिकडे म्हशीला शिव्या द्यायचं. एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं होऊ दिलंय असं मी तरी कधी बघितलं नाही.

म्हणून असेल, पण हॉस्टेलवर रेक्टरबाईंच्या खोलीतला रेडिओ मला फार आवडायचा. गाण्यांसाठी नाही. दुपारी बायकांच्या कार्यक्रमात संवाद असायचे त्यासाठी. दोन-तीन माणसं बसून बोलताहेत. एक बोलतो तेव्हा दुसरा थांबतो. "आपण सांगा." "नाही नाही, आधी तुमचं होऊ दे." मला वाटायचं, अगं बाई, अशीही माणसं असतात! कधी नाटकातल्या पडद्यांवर बोलणं, कधी कीर्तनावर, कधी मुलींनी लग्नानंतर नोकरी करावी का यावर. हुंड्यावर एकदा इतकं शांतपणे बोलले की रेक्टरबाई विणकाम बाजूला ठेवून रडल्या. का रडल्या ते आम्ही विचारलं नाही. आम्ही मुली दारातच फरशीवर बसून ऐकायचो. खिडकीतून तलावाकडचा थंडगार वारा यायचा आणि त्या ठाय लयीतल्या बोलण्याने कधी कधी डोळाही लागायचा.

एका दुपारी मात्र माझी झोप खाडकन उडाली. लग्नगीतांवर बोलणं चाललेलं. एक विद्वान गृहस्थ अतिशय दुःखी आवाजात म्हणाले की ठाणे-कल्याणच्या बाजूला गाऊन लग्नं लावणाऱ्या बायका असत, पण आता त्या उरल्या नाहीत. मी उभीच राहिले. उरल्या नाहीत म्हणजे काय? पंधरवड्यापूर्वी माझ्या फुलामावशीने एक लग्न लावलेलं, आणि वरमाईने साडी हलकी दिली म्हणून तिच्याशी भांडूनही आलेली! मी तडक कार्ड घेतलं आणि लिहिलं, "आपण जिला मारलंत ती माझी मावशी जिवंत आहे, तब्येतही चांगली आहे." मैत्रिणी हसून हसून लोळल्या. आठवड्याने उत्तर आलं. कार्यक्रम करणाऱ्या बाईंनी लिहिलेलं, अगदी गोड अक्षरात. मावशींना घेऊन याल का?

फुलामावशी, माझ्या आईची थोरली बहीण. उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आसपासच्या गावांतून तिला बोलावणी यायची आणि ती पायी जायची. लग्नाच्या दिवशी कडकडीत उपास. गोड बोलणं तिला ठाऊक नव्हतं. सुट्टीला घरी येऊन मी रेडिओचं सांगितल्यावर ती आधी माझ्याकडे, मग आईकडे बघून म्हणाली, "पोरीला शिकवून कनाला शानी केलीस? लग्न नाय, मांडव नाय, आनि मी देवांना बोलवू? आल्यावर सांगू काय त्यांना?" बरोबरच होतं तिचं. लग्नाशिवाय धवला म्हणत नाहीत. मी मुकाट्याने वालाच्या शेंगा सोलायला बसले.

पण दोन दिवसांनी तीच आमच्या ओटीवर येऊन बसली. तिची सुनेशी वाजलेली. सून म्हणजे चांगुणा, मावशीच्या एकुलत्या एका मुलाची बायको. मुलगा कल्याणपलीकडे मोहन्याला कारखान्यात पाळीला जायचा, आणि या दोघी घरात. चांगुणा खाडीकाठची, मिठागरावर राबणाऱ्या बापाची लेक, तोंडाने सासूला पुरून उरणारी. मावशीची एकच इच्छा होती, सुनेने धवला घ्यावा. लेक नव्हती, बहिणींच्या मुली माझ्यासारख्या शाळेत गेलेल्या. मावशीला दमा लागलेला, धाप लागून मधेच थांबावं लागायचं. आणि चांगुणा दरवेळी उडवून लावायची. "मना नाय जमाचं. दुसऱ्यांच्या लग्नांत मी उपाशी बसू, आनि माजी पोर घरात रडंल. आनि आता लोक भटजी आनतान, बेंडबाजा आनतान. तुमच्या मागं या गान्याला कोन विचारनार हाय?" हे शेवटचं मावशीच्या वर्मी लागलेलं.

"त्या रेडिओच्या पेटीत म्हटलं तं ऱ्हाईल का गं तिच्यात?" मावशीने मला विचारलं. आवाज एवढा बारीक मी तिचा कधी ऐकला नव्हता. मला तरी कुठे काय माहीत होतं? मी म्हटलं, "राहील की." मग तिने खूप वेळ विचार करून स्वतःच तोड काढली. तांदूळ न्यायचे, पाण्याचा कलश मांडायचा, देवांना आधीच सांगायचं की लग्न नाही, नुसतं भेटायला या, आणि लगेच पोचवायचे. "बोलावनं करून मान दिला का देव रागवत नाय," ती म्हणाली. उठता उठता आपल्या घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "सुनेनी नाय घेतला तं मुंबैची पेटी घेईल!"

मुंबईला गेलो तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. मावशीने लग्नाला नेसायचं ते हिरवं लुगडं काढलेलं, ओटीत तांदूळ, पिशवीत तांब्या नि नारळ. रेडिओच्या इमारतीत शिरताना तिने चपला बाहेर काढल्या आणि कोणी कितीही सांगितलं तरी घातल्या नाहीत. कार्यक्रमाच्या बाई फार चांगल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या साडीतल्या. त्यांनी मावशीच्या पाया पडून तिला आत नेलं. जाड दरवाजा, पायाखाली सतरंजीसारखं मऊ काहीतरी, भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या, आणि आत शिरल्यावर बाहेरचा सगळा गलका गप्प. मावशी माझ्या कानात पुटपुटली, "हितं तं माजाच श्वास मना आयकू येतंय." काचेपलीकडच्या माणसाने खुणेने विनंती केली की नारळ टेबलावर घरंगळतो, तो कोणीतरी मांडीवर घ्यावा. तो बाईंनी घेतला. अख्खा कार्यक्रम त्या मांडीत नारळ घेऊन बसलेल्या.

तेव्हा हे संवाद आधी लिहून काढलेले असायचे आणि वाचून दाखवायचे, हे मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस ज्या "आपण सांगा"वर मी भाळले होते तेही कागदावर असायचं! पण मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून बाईंनी कागद बाजूला सारला आणि म्हणाल्या, "आपण गप्पाच मारू." मधे मी, मावशीचं बोलणं अडलं तर सांगायला. लाल दिवा लागला.

"धवलारीण म्हणजे कोण, सांगाल का आमच्या श्रोत्यांना?"

"मी," मावशी म्हणाली.

बाई हसल्या, मी घाम पुसला. पण मग मावशी खुलली. उंबराची फांदी कशी आणायची, भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक कसा लिहायचा, देवांना बोलवताना कोणाला आधी मान. तिने एकदाही "अं" केलं नाही. आणि शेवटी बाईंनी विचारलं, "फुलाबाई, तुमच्यानंतर हे कोण म्हणणार?"

"कोनी नाय," मावशी म्हणाली. "सून हाय, पन तिचं मन नाय. म्हनून तं आले हितं."

बाई हळूच म्हणाल्या, "आता थोडं म्हणून दाखवा." मावशीने कलशावर तांदूळ टाकले आणि डोळे मिटले. त्या बंद खोलीत तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. मांडवात नेहमी पोरांची रडारड, भांड्यांचा आवाज, पुरुषांची हाकाहाक. इथे फक्त ती. गावदेवीला बोलवलं, टिटवाळ्याच्या गणपतीला बोलवलं, डोंगरावरच्या आईला, खाडीच्या देवाला, सूर्याला, चंद्राला, विहिरीच्या पाण्याला. माझ्या अंगावर काटा आला. ती एकेकाला या म्हणत होती, पाट मांडलाय म्हणत होती, आणि काचेपलीकडचा माणूस घड्याळाकडे बघत होता. त्याने हात वर केला. बाईंनी मावशीच्या मनगटावर हात ठेवला, पण डोळे मिटलेल्या बाईला काय कळणार? लाल दिवा विझला. मावशी अजून विहिरीच्या पाण्याला आत घेत होती.

"झालं?" डोळे उघडून तिने विचारलं. "आनि पोचवाचे?"

बाई खरोखर खजील झाल्या. वेळ संपली होती, पुढच्या बातम्या सुरूही झालेल्या. त्यात त्यांचा काय दोष? रेडिओचं घड्याळ कोणासाठी थांबत नाही. मावशीने भांडण केलं नाही. ती तांब्या घेऊन व्हरांड्यात गेली आणि तिथे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत उभी राहून तिने सगळे देव पोचवले. लोक थबकून बघत होते. बाई नारळ हातात घेऊन शेवटपर्यंत तिच्या बाजूला उभ्या राहिल्या, हे मी विसरणार नाही. मावशीने जाताना विचारलं, "पेटीत ऱ्हायलं ना?" बाईंनी खरं ते सांगितलं. नाही. हे बोललं की हवेत जातं, आम्ही ठेवून घेतलेलं नाही. मावशीने मान हलवली आणि चपला घातल्या.

गाडीत ती खिडकीशी बसली. मला वाटलं गाणं राहिलं नाही त्याचं दुःख आहे. मी काहीबाही समजूत घालायला लागले, तर ती म्हणाली, "त्ये जाऊ दे गं. माजा आवाज कुठं कुठं गेला आसंल?"

"जिथे जिथे रेडिओ आहे तिथे."

"मंग देव बी तितंच गेलं की. बोलावनं जितं, देव तितं. मी पोचवले त्ये त्या एका घरातले. बाकीच्यांना कोन पोचवनार?"

मी शिकलेली, ट्रेनिंग कॉलेजातली. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. गाडी भांडुपच्या मिठागरांवरून चाललेली, पांढऱ्या राशींवर तिरकं ऊन आलेलं, आणि मावशी रुळाकडेची एकेक चाळ, एकेक बंगला न्याहाळत होती. "हितं बी आसतील," ती म्हणायची. "ह्यांच्यात पेटी आसंल." आणि आमच्या गावात तर नक्कीच होती. सरकारने गावाला दिलेला रेडिओ शाळेच्या ओटीवर ठेवलेला. मास्तरांनी त्या दुपारी मुद्दाम लावलेला, सगळा गाव ऐकायला जमणार होता. चार दिवसांवर गावात लग्न होतं. मावशीला धाप लागली. डोंबिवली येईपर्यंत मी तिची पाठ चोळत राहिले.

गावात शिरलो तेव्हा दिवस बुडायचा होता. वेशीवर बायका. मी म्हटलं, झालं, आता ओरडा. पण आई पुढे झाली आणि मावशीला म्हणाली, "आक्का, घाबरू नको. पोचवले."

"कोनी?"

आईने बोट दाखवलं. चांगुणा कडेवर पोर घेऊन बाभळीला टेकून उभी होती, रागाने लाल.

मग आईने सांगितलं. सासू रेडिओत "तिचं मन नाय" म्हणाली आणि गावातल्या झाडून सगळ्या बायकांनी माना वळवून चांगुणाकडे बघितलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून चाललेली. तेवढ्यात गाणं लागलं म्हणून पायरीवर थांबली. देव आले, सगळे आले, आणि मधेच खरखर झाली आणि एक पुरुष दिल्लीच्या बातम्या सांगायला लागला. ज्या घरचं लग्न होतं त्या घरची म्हातारी छाती बडवायला लागली. आणि चांगुणा पोर खाली ठेवून, त्या बातम्यांच्या वर आवाज चढवून देव पोचवायला लागली. सगळे. एकेक. गेली दहा वर्षं गावातल्या लग्नांत चुलीमागून ऐकलेलं होतं तिने.

"मना काय हौस नवती," चांगुणा बाभळीपासूनच ओरडली. "सगल्या दुनियेला सांगलंव, माजं मन नाय! तुमाला काय म्हाईत माजं मन?"

मावशी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता मिठी मारेल. कसली मिठी! "पयला कोनचा देव पोचवलास?" तिने विचारलं.

"खाडीचा."

"चूक. पयला चंद्र. त्याला रातीला उगवाचं आसतंय."

"आनि खाडीच्या देवाला भरती गाठाची आसतंय! भरती चुकली तं मानूस अडकून ऱ्हातंय. आमच्याकडं इचारा कुनालाबी."

"तुमच्याकडचं मना नुको सांगू."

भांडत भांडत दोघी घराकडे गेल्या. भांडायला हात मोकळे हवेत म्हणून चांगुणाने पोर माझ्या कडेवर दिलेलं, त्याची कोणालाच आठवण नव्हती. पुढचे तीन दिवस त्या घरातून नुसता आरडाओरडा ऐकू येत होता. चंद्र आधी की खाडी आधी, चंद्र आधी की खाडी आधी. मी ओटीवर तांदूळ निवडता निवडता ऐकायचे. रेडिओवरच्या माणसांसारखं एकाने थांबायचं नि दुसऱ्याने बोलायचं, हे त्या घरात कुठलं व्हायला! पण तिसऱ्या दिवशी मला मधेच जाणवलं की आवाज दोन नाहीत, एक आहे. मी सूप खाली ठेवलं. ओळ अर्ध्यात मावशीने सोडली होती आणि पुढची चांगुणाने उचलली होती.

लग्नाच्या दिवशी मी मावशीच्या शेजारी बसले होते. हळदीचा, उंबराच्या ओल्या पानांचा, चुलीवर तळल्या जाणाऱ्या वड्यांचा वास. मावशीने देव बोलवले, हात हातात दिले. पोचवायची वेळ आली आणि ती गप्प बसली. धाप लागली असं वाटून कोणीतरी पाणी आणलं, तिने ते हाताने परत सारलं. नवरीची आई माझ्याकडे बघायला लागली. चांगुणा वडे तळायचं सोडून पदराला हात पुसत आली आणि मावशीच्या पाठीमागे उभी राहूनच म्हणायला लागली.

सुरुवातीलाच ती थोडी अडखळली, मावशीने मागे न बघता शब्द पुरवला. पुढे एकदा चाल चढी लागली, मावशीने मांडीवर हात आपटून ती खाली आणवली. मग पहिल्या देवाला निरोप द्यायची ओळ आली. चांगुणाने खाडीचा देव घेतला. मावशीने तोंड उघडलं. मला स्पष्ट दिसलं, मी शेजारीच होते. सगळ्या म्हाताऱ्या तिच्याकडे बघत होत्या. तिने ताटातलं विड्याचं पान उचललं, तोंडात घातलं, आणि डोळे मिटून चावत बसली.

तेव्हापासून आमच्या गावात खाडीचा देव चंद्राच्या आधी घरी जातो.